वनभोजन आणि बिनतारी

मार्गशीर्षाच्या अमावास्येस लातूर जिल्ह्यांतील शहरें आणि गांवें दिवसभर ओस पडतात. पेठेंतील दुकानें बंद असतात, रस्त्यावर क्वचितच माणूस दिसतो. शेताशेतांतून मात्र कडब्याच्या खोपी उभ्या राहिलेल्या असतात. तेथें लक्ष्मीची व पांडवांची पूजा होते आणि भज्जी, उंडे व मडक्यांतली आंबील यांचा समाचार घेण्यास आप्तेष्ट, शेजारी, कधीं अनोळखी वाटसरूही पंक्तीस बसतो. ही वेळ अमावास्या, बोलींत येळवस. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या लगतच्या भागांत ती घरोघर पाळली जाते. चार भिंती सोडून रानांत जाणें, उघड्या आभाळाखालीं एकत्र जेवणें आणि जेवतां जेवतां पिकापाण्याचा अंदाज घेणें, ही चाल या मुलखाच्या हाडींमांसीं खिळलेली आहे.

जगांतील हौशी बिनतारी मंडळांनींही अशीच एक चाल पाडली आहे. वर्षांतून एकदां मंडळाचे सभासद बायकामुलांसह रानांत, टेकडीवर किंवा नदीकांठीं जातात. झाडाला तार बांधतात. बॅटरीवर किंवा उन्हाच्या विजेवर आपलीं यंत्रें चालवितात. आणि ठराविक तासांत दूरदूरच्या किती केंद्रांशीं बोलणें होतें याची चढाओढ करतात. एकीकडे चूल पेटलेली असते, दुसरीकडे यंत्राचा कांटा हालत असतो. या उपक्रमास 'फील्ड डे' असें नांव आहे. वरून पाहणारास तो निव्वळ खेळ वाटतो. परंतु ज्या मराठवाड्यानें १९९३ चा भूकंप पाहिला, त्या मराठवाड्यास या खेळाचें मर्म समजावून घेण्याचें विशेष कारण आहे.

हौशी बिनतारी म्हणजे काय, हें प्रथम सांगणें अवश्य आहे. नभोवाणीचें केंद्र एकटें बोलतें आणि लक्षावधि लोक ऐकतात. हौशी बिनतारींत दोन्ही बाजू बोलतात आणि दोन्ही ऐकतात. सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेला कोणताही नागरिक आपल्या घरीं प्रेषक व ग्राहक यंत्र ठेवूं शकतो आणि नेमून दिलेल्या लहरींवर दुसऱ्या परवानाधारकांशीं संभाषण करूं शकतो. त्यांत पैशाचा व्यवहार वर्ज्य, व्यापाराची जाहिरात वर्ज्य, गाणेंबजावणें वर्ज्य आणि गुप्त सांकेतिक भाषाही वर्ज्य. उरतें तें शास्त्राचें प्रेम, प्रयोगाची आवड आणि परक्या माणसाशीं स्नेह जोडण्याची हौस. प्रत्येक केंद्रास एक कॉलसाइन मिळते. ती म्हणजे त्या केंद्राचें हवेंतील नांव. भारतीय हौशी केंद्रांचीं हीं नांवें सामान्यतः 'व्ही यू' या अक्षरांनीं आरंभ होतात, त्यामुळें ब्राझीलमधल्या माणसालाही पहिलीं दोन अक्षरें ऐकतांच बोलणारा कोणत्या देशाचा हें कळतें.

आपल्या देशांत या हौसेस शंभरांहून अधिक वर्षें झालीं. १९२१ सालीं अमरेंद्रचंद्र गुप्तू हे भारतांतील पहिले हौशी बिनतारीवाले ठरले. त्यांच्यामागून मुकुल बोस आले आणि दोन केंद्रांमधील संभाषण शक्य झालें. १९२३ सालीं मुंबईच्या रेडिओ क्लबनें कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. म्हणजे ज्या नभोवाणीवर पुढें घराघरांतून भाषणें व गाणीं ऐकूं आलीं, तिचें पहिलें पाऊल हौशी मंडळींनींच टाकलें. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी लोकांना यंत्रें जमा करण्याचे हुकूम दिले. बिनतारी यंत्र सामान्य माणसाच्या हातीं असणें ही केवढी शक्ति आहे, याची साक्ष १९४२ च्या ऑगस्टांत मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओनें दिली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या मे महिन्यांत, महू येथील सैन्याच्या सिग्नल विद्यालयांत हौशी लोकांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. त्या वेळीं नांदेड व लातूर हीं दोन्हीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा मुक्त झाला आणि भारतीय संघराज्यांतील इतर प्रजेप्रमाणें तेथील नागरिकांनाही हा मार्ग मोकळा झाला.

फील्ड डेचा उगम अमेरिकेंत झाला. तेथील हौशी लोकांच्या संघटनेनें १९३३ च्या जूनमध्यें पहिला फील्ड डे भरविला. त्यामागील विचार अगदीं साधा होता. घरीं टेबलावर मांडलेलें, भिंतींतील विजेवर चालणारें, गच्चीवर कायमची तार असलेलें यंत्र कोणालाही चालवितां येतें. पूर आला, वादळ झालें, वीज गेली, घरच पडलें, तर हाच माणूस किती वेळांत, कोणत्या साधनांनीं, पुन्हा बोलता होईल? याची परीक्षा संकट येण्यापूर्वींच घ्यावी, आणि ती रूक्ष कवायतीसारखी न घेतां सहलीसारखी घ्यावी, म्हणजे माणसें दरवर्षीं आपण होऊन येतील.

या चढाओढीचे गुण देण्याची रीत पाहिली म्हणजे तिचा हेतु स्पष्ट होतो. तोंडी बोलण्यानें झालेल्या प्रत्येक संपर्कास १ गुण, मोर्सच्या कड-कट्टांनीं झालेल्या संपर्कास २ गुण. मग एकूण गुणांस यंत्राच्या शक्तीप्रमाणें गुणावयाचें. यंत्र १०० वॉटपर्यंत असेल तर दुप्पट. आणि ५ वॉट किंवा त्याहून कमी असून बॅटरी वा सूर्यप्रकाशासारख्या साधनावर चालत असेल तर पांचपट. समजा, एका मंडळानें १२० संपर्क तोंडी आणि ४० संपर्क मोर्सनें केले. १२० आणि ८० मिळून २०० गुण झाले. १०० वॉटच्या यंत्रानें ते ४०० होतील. ५ वॉटच्या यंत्रानें १,०००. थोड्या शक्तींत काम करणाऱ्याचा एवढा सन्मान कां? कारण आपत्तींत शक्ति थोडीच उरते. १०० वॉटचें यंत्र बोलतांना मोटारीच्या बॅटरींतून सुमारें २० अँपिअर ओढतें आणि कांहीं तासांत तिला थकवितें; ५ वॉटचें यंत्र त्याच बॅटरीवर सबंध दिवस चालतें. शक्ति विसाव्या हिश्शावर आली तरी ऐकणाराच्या कांट्यावर खूण दोन-सव्वादोन घरेंच खालीं उतरते. तार चांगली बांधली असेल आणि कान तयार असेल, तर एवढी तूट सोसवते. यांखेरीज सार्वजनिक जागीं केंद्र उभारणें, नैसर्गिक विजेवर संपर्क करणें, विधिपूर्वक लिहिलेला निरोप पोचविणें, लोकप्रतिनिधीस केंद्र दाखविणें यांसही प्रत्येकीं १०० अधिक गुण मिळतात. मौज अशी कीं, ही संस्था स्वतः या प्रसंगास स्पर्धा म्हणत नाहीं. गुण मोजले जातात, पण मुख्य मोजणी तयारीची होते.

असा मेळा मराठवाड्यांत भरवावयाचा तर ऋतु आणि जागा दोन्ही विचारपूर्वक निवडावीं लागतील. अमेरिकेंतील जून इकडे मृगाचे ढग आणि विजांचा कडकडाट घेऊन येतो. एप्रिल-मेच्या उन्हांत यंत्रें व माणसें दोन्ही तापतात. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. जागेविषयीं मात्र नांदेड व लातूर यांची प्रकृति भिन्न आहे. नांदेड गोदावरीच्या कांठीं सखल भागीं वसलेलें. लातूर बालाघाटच्या पठारावर, बरेंच उंच. नांदेडकरांस विष्णुपुरीचा जलाशय, कंधारचा किल्ला वा दूर माहूरचे डोंगर. लातूरकरांस खरोसा लेण्यांची टेकडी, औशाचा परिसर किंवा उदगीरजवळचें हत्तीबेट. वनभोजनास यांतील कोणतीही जागा गोड लागेल. पण बिनतारीची लहर जागा पाहून वागते.

अगदीं आंखूड लहरी, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दोन मीटर लांबीच्या लहरी, जवळजवळ दृष्टीप्रमाणें सरळ चालतात. १०० मीटर उंचीच्या टेकडीवरून त्या सुमारें ४० किलोमीटरवरील सपाटीपर्यंत पोचतात. पुढें पृथ्वीचा बांक आडवा येतो. लातूर आणि नांदेड यांमध्यें सरळ रेषेंत शंभराहून अधिक किलोमीटर अंतर आहे. तेव्हां हातांतल्या लहान यंत्रानें एका वनभोजनाच्या जागेवरून दुसऱ्या जागेशीं बोलूं पाहणाऱ्यांस मध्यें एकादें पुनःक्षेपण केंद्र तरी हवें, नाहीं तर दुसरी वाट धरली पाहिजे.

ती दुसरी वाट आभाळांतून जाते. पृथ्वीपासून सुमारें १०० ते ३०० किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनीं विद्युत्भारित झालेल्या विरळ हवेचे थर आहेत; त्यांस आयनांबर म्हणतात. कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्र यांनीं याच थरांच्या अभ्यासांत जागतिक कीर्ति मिळविली. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा या थरांवर आदळून परत खालीं येतात. तार जमिनीपासून दहा मीटरांहून कमी उंचीवर आडवी बांधली तर बरीचशी शक्ति सरळ वर जाते आणि कारंज्याच्या पाण्याप्रमाणें चोहोंकडे तीनचारशें किलोमीटरच्या वर्तुळांत खालीं पडते. लातूरहून नांदेड, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, पुणें, हैदराबाद हीं सारीं या वर्तुळांत येतात आणि मधल्या डोंगरांची अडचण उरत नाहीं. रात्रीं थरांची घनता घटते. मग याच लहरी जवळच्यास चुकवून दूरच्याकडे धांवतात, आणि जवळच्यासाठीं ३.५ मेगाहर्ट्झची लांब लहर घ्यावी लागते. हें पुस्तकांत वाचून कळतें. पण दुपारीं स्वच्छ ऐकूं येणारें नांदेड तिन्हीसांजेस बुडतांना आणि त्याच जागीं परदेशचे आवाज उगवतांना ज्यानें कानांनीं ऐकलें, तो तें जन्मभर विसरत नाहीं.

तारेचें गणितही शाळेंतल्या मुलास येण्याजोगें आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या संख्येनें भागलें कीं लहरीची लांबी मीटरांत मिळते. ७ मेगाहर्ट्झची लहर सुमारें ४३ मीटर. तिच्या निम्म्याहून किंचित् कमी, म्हणजे २० मीटर लांबीची तार मध्यें तोडून तेथून यंत्राकडे जोड द्यावयाचा. लिंबाच्या वा चिंचेच्या दोन झाडांमध्यें ती ताणली कीं एरियल तयार. दोरीच्या टोकास वजन बांधून ती फांदीवरून फेंकणें हें काम मुलें फार आवडीनें करतात. येथें दोन पथ्यें मात्र कडक पाळलीं पाहिजेत. विजेच्या तारांजवळ एरियल कदापि बांधूं नये; आणि आभाळांत गडगडाट होतांच यंत्र सोडवून बाजूस व्हावें. तसेंच परवान्यांत नमूद केलेल्या जागेबाहेर केंद्र चालवितांना नियमांप्रमाणें जी सूचना वा अनुमति लागते, ती अगोदरच घ्यावी.

केंद्र उभें राहिलें कीं पाळी लावतात. एकजण बोलतो, दुसरा नोंदवहींत लिहितो, तिसरा ऐकून शिकतो. 'सीक्यू' ही हांक, म्हणजे 'जो कोणी ऐकत असेल त्यानें उत्तर द्यावें.' उत्तर आलें कीं दोन्ही बाजू आपापली कॉलसाइन, आवाज कसा पोचतो याचा अंक आणि स्पर्धेनें ठरविलेली माहिती देतात. वेळ नोंदवायची ती जागतिक वेळ, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपांच तास मागची. तेंच केंद्र त्याच लहरीवर त्याच रीतीनें पुन्हा भेटलें तर गुण नाहीं, म्हणून नोंदवही चोख हवी. अक्षरें सांगण्याचे ठराविक शब्द असतात: 'व्ही'साठीं 'व्हिक्टर', 'यू'साठीं 'युनिफॉर्म'. आंकडे एकेक सुटे उच्चारावयाचे. मराठी माणसास यांतील शहाणपण चटकन् पटेल, कारण खरखरींत 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांतला भेद सहज बुडून जातो. 'पांच, नऊ' आणि 'सहा, नऊ' यांतला बुडत नाहीं. लिहून द्यावयाच्या निरोपावर तर शब्दांची संख्याही घालतात. घेणारानें शब्द मोजावेत, कमी भरले तर पुन्हा विचारावें. पन्नास ताडपत्र्यांच्या जागीं पंधरा पोचूं नयेत, एवढाच यांतील उद्देश.

ज्यांस परवाना नाहीं, अशा घरच्या मंडळींसाठीं एक खेळ ठेवतात. एक लहान प्रेषक यंत्र झुडपांत लपवितात आणि त्यास 'कोल्हा' म्हणतात. हातांत दिशा दाखविणारें एरियल घेऊन शोधणारे निघतात. ज्या दिशेस आवाज सर्वांत मोठा, ती रेषा नकाशावर ओढावयाची, मग जागा बदलून दुसरी रेषा ओढावयाची. दोन रेषा जेथें छेदतात तेथें कोल्हा. यांत केवळ ऐकावयाचें असल्यामुळें लहान मुलेंही भाग घेतात, आणि भूमितीचा एक धडा पायांनीं शिकतात. मग सर्वांची पंगत बसते. मात्र यंत्राजवळचा एकजण पानावरून उठतो आणि दुसरा बसतो. केंद्र रिकामें राहत नाहीं. ही पाळीची शिस्तच पुढें उपयोगी पडते.

ती कोठें उपयोगी पडते, हें आतां सांगितलें पाहिजे. १९९३ सालीं अनंत चतुर्दशीस गणपतीचें विसर्जन करून लोक झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहांटें, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली. लातूर जिल्हा आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव जिल्हा, यांतील बावन्न गांवें उध्वस्त झालीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचें ओझें झोपलेल्या माणसांवर कोसळलें. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरांत गेली. त्या काळीं खेड्यांत टेलिफोन आधींच विरळ. होते तेही बंद पडले. कोणत्या गांवांत किती माणसें ढिगाऱ्याखालीं आहेत, कोठें डॉक्टर हवे, कोठें तंबू पोचले, हें एका गांवाचें दुसऱ्या गांवास कळेना. अशा वेळीं बाहेरगांवचे हौशी बिनतारीवाले आपलीं यंत्रें आणि बॅटऱ्या घेऊन भूकंपक्षेत्रांत आले आणि निरोपांची ने-आण करूं लागले. माळावर तार बांधून तासाभरांत केंद्र बोलतें करण्याची जी संवय सहलींत लागते, तीच अशा जागीं कामास येते.

हीच गोष्ट पुढेंही दिसून आली. २००१ च्या जानेवारींत भुजच्या भूकंपांत हौशी केंद्रांनीं संपर्क सांभाळला. २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद यांच्या पुढाकारानें एक हौशी तुकडी अंदमानांत गेली होती. कित्येक वर्षांत तेथून हौशी केंद्र हवेंत आलें नव्हतें. म्हणून जगभरचे हौशी त्या संपर्कासाठीं धडपडत होते. म्हणजे निमित्त खेळाचेंच होतें. २६ तारखेस भूकंप झाला, समुद्र चढून आला, नेहमींचा संपर्क तुटला. आणि त्याच यंत्रांवरून, त्याच माणसांनीं, मुख्य भूमीकडे मदतीचे निरोप आणि बेपत्ता नातलगांची खुशाली पाठविण्यास प्रारंभ केला. खेळ आणि सेवा यांमध्यें यंत्र बदलावें लागलें नाहीं. माणूसही बदलावा लागला नाहीं.

आज घरोघर मोबाइल असतांना ही खटपट कशास, असा प्रश्न कोणी विचारील. मोबाइल हें देखील बिनतारी यंत्रच. परंतु तें आपल्या बळावर दोन पावलेंही चालत नाहीं. त्यास जवळचा मनोरा लागतो, मनोऱ्यास वीज लागते आणि पुढें तारांचें जाळें लागतें. मनोऱ्याच्या बॅटऱ्या संपल्या किंवा हजारों लोकांनीं एकदम हांका मारल्या, कीं खिशांतील यंत्र मुकें होतें. हौशी केंद्रास दोन झाडें, वीस मीटर तार, एक बॅटरी आणि एक शिकलेला माणूस एवढेंच पुरतें. यांतील पहिल्या तीन वस्तु बाजारांत वा रानांत मिळतात. चौथी तयार व्हावयास वर्षें लागतात.

आणि हा चौथा घटक जवळ असला पाहिजे. हैदराबाद किल्लारीहून शेंकडों किलोमीटर दूर, मुंबई त्याहून दूर. तेथून निघालेला मदतनीस कितीही तत्पर असला तरी कांहीं तास वाटेंत जाणारच. आणि ढिगाऱ्याखालच्या माणसाचें आयुष्य त्याच पहिल्या तासांवर अवलंबून असतें. ते तास गांवांत, तालुक्यांत आधींपासून हजर असलेल्या माणसांचे असतात. म्हणून नांदेड व लातूर येथील महाविद्यालयांनीं, विज्ञान-शिक्षकांनीं आणि हौशी कुटुंबांनीं या विद्येकडे पाहावें. परवान्याच्या परीक्षेंत विजेचीं व बिनतारीचीं मूलतत्त्वें आणि नियम विचारतात. खालच्या वर्गास मोर्सही लागत नाहीं, आणि शाळकरी मुलांनाही ही परीक्षा देतां येते. प्रारंभीं नुसतें ऐकण्याचें यंत्र पुरे. येत्या हिंवाळ्यांत एक मंडळी खरोशाच्या टेकडीवर आणि दुसरी गोदावरीकांठीं बसली, आणि दोघींचें बोलणें आयनांबरांतून दिवसभर चाललें, तर तेवढी चढाओढ प्रारंभास भरपूर आहे.

संभाषण संपवितांना हौशी बिनतारीवाले एकमेकांस 'सात-तीन' म्हणतात. त्या अंकांचा अर्थ 'शुभेच्छा'. समोरचा माणूस कोणत्या जातीचा, पंथाचा वा देशाचा, हें तो सांगेल तेवढेंच कळतें. आवाज पोचला कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें. आवाज पोचविण्याची ही विद्या शांततेच्या दिवसांत, भाकरी खात, मुलांच्या गलक्यांत शिकून ठेवली, तर अवघड दिवशीं ती नव्यानें शोधत बसावी लागणार नाहीं.